तुरुंगातल्या आरोग्यसेवेची कंत्राटं आणि ती वाचण्याचा लोकप्रतिनिधींचा हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय नेमका काय आहे?

अमेरिकेतली बरीच राज्यं आपल्या तुरुंगांतल्या कैद्यांचे उपचार खासगी कंपन्यांकडून करून घेतात. कंत्राटं पाच-पाच, दहा-दहा वर्षांची असतात आणि रकमा कोट्यवधी डॉलरच्या. हा पैसा राज्याचं विधिमंडळ मंजूर करतं. पण त्याच विधिमंडळाच्या एखाद्या सदस्याने कंत्राटाची पूर्ण प्रत मागितली, तर कधी दरपत्रक काळं केलेलं मिळतं, कधी परिशिष्टं गायब असतात, कधी 'हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे' असं पत्र येतं. पैसा मंजूर करणाऱ्याला तो कशासाठी जातोय हे वाचता यायला हवं की नको, एवढाच खरं तर वाद आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते : वाचता यायलाच हवं, पूर्ण, काळ्या पट्ट्यांशिवाय.

कैद्याच्या उपचाराची जबाबदारी कोणाची? कंपनीची की सरकारची?

सरकारची. टेक्सासच्या तुरुंगात १९७३ मध्ये ट्रकमधून माल उतरवताना एका कैद्याच्या अंगावर कापसाची गाठ पडली. पाठदुखीसाठी पुरेसे उपचार मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतः लिहून दावा केला. तो 'एस्टेल विरुद्ध गॅम्बल' या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९७६ मध्ये निकाल लागला. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं म्हणजे क्रूर शिक्षा, आणि राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने ती निषिद्ध आहे, असं न्यायालयाने ठरवलं. गंमत पहा, गॅम्बल स्वतः डॉक्टरांविरुद्धचा दावा हरला. पण त्याच्या नावाने ठरलेल्या तत्त्वावर आज लाखो कैद्यांचा हक्क उभा आहे.

पुढे १९८८ मध्ये 'वेस्ट विरुद्ध अ‍ॅटकिन्स' या खटल्यात दुसरा प्रश्न आला. नॉर्थ कॅरोलायनात व्हॉलीबॉल खेळताना एका कैद्याची टाचेमागची शीर तुटली. उपचार करणारा डॉक्टर सरकारी नोकर नव्हता, कंत्राटी होता. न्यायालय म्हणालं, त्याने फरक पडत नाही. तो राज्याच्याच अधिकारात काम करतो आणि काम बाहेर दिलं म्हणून राज्याचं घटनात्मक कर्तव्य संपत नाही. हा निकाल लक्षात ठेवा. काम सरकारचं आहे असं एकदा ठरलं की त्या कामाचे कागद 'खासगी' कसे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मग कंपन्या मध्ये आल्याच कशा?

पैशामुळे, आणि थोडं जबाबदारी दूर ढकलण्याच्या इच्छेमुळेही. १९६५ मध्ये मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या उपचारांचा खर्च केंद्र आणि राज्यांनी मिळून उचलण्याची योजना, सुरू झालं तेव्हाच कायद्याने तुरुंगातल्या माणसाचा खर्च त्यातून वगळला. कैदी बाहेरच्या रुग्णालयात चोवीस तासांहून जास्त दाखल राहिला तर अपवाद. अलीकडे काही राज्यांना सुटकेच्या आधीच्या काही दिवसांपुरतीही मुभा मिळाली आहे. बाकी सगळा भार राज्याच्या तिजोरीवर. प्यू या अभ्याससंस्थेच्या हिशेबानुसार २०१५ च्या आर्थिक वर्षात राज्यांच्या तुरुंगखात्यांनी आरोग्यावर सुमारे ८१० कोटी डॉलर खर्च केले. त्या यादीत लुईझियाना दर कैद्यामागे वर्षाला २,१७३ डॉलर खर्च करत होतं आणि कॅलिफोर्निया १९,७९६. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली, नऊपट फरक.

मेडिकेडचा पैसा येत नाही, त्यामुळे त्या पैशाबरोबर येणारी केंद्राची तपासणीही येत नाही. बाहेरच्या रुग्णालयावर जेवढ्या नजरा असतात त्यातल्या बऱ्याच इथे पोचतच नाहीत. म्हणून विधिमंडळाची नजर जास्त मोलाची.

कंत्राटात लपवण्यासारखं असतं तरी काय?

पहिल्या पानावरची एकूण रक्कम सहसा उघडच असते, तिच्यावरून काही कळत नाही. खरं कंत्राट मागच्या पानांत असतं.

आधी पैसे देण्याची पद्धत बघावी लागते. दर कैद्यामागे दिवसाला ठरावीक रक्कम असेल, तर उरलेला पैसा कंपनीचा. अशा वेळी एखाद्याच्या छातीत दुखलं आणि त्याला रुग्णवाहिकेतून बाहेर नेलं, तर तो खर्च कंपनीच्या नफ्यातून जातो. डॉक्टर वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता परिचारिका 'सकाळपर्यंत बघू' असं म्हणते, तेव्हा तिच्या मागे कुठली रचना उभी आहे हे कंत्राटातून दिसतं. उलट, झालेला खर्च अधिक ठरावीक नफा अशी पद्धत असेल, तर खर्च फुगवण्याचा मोह होतो. बाहेरच्या रुग्णालयाचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेला तर तो कोणी सोसायचा, हे एका कलमात असतं आणि नेमकं तेच कलम बऱ्याचदा काळं केलेलं असतं.

मग कर्मचाऱ्यांचं परिशिष्ट. कुठल्या तुरुंगात, कुठल्या पाळीला किती डॉक्टर, किती परिचारिका, किती मानसोपचारतज्ज्ञ. जागा रिकामी राहिली तर कंपनी किती पैसे परत करणार? परतफेड पगारापेक्षा कमी असेल, तर जागा रिकामी ठेवणं हाच फायद्याचा धंदा होतो. हे सूत्र जेमतेम दोन ओळींचं असतं, पण मला विचाराल तर सगळ्या कंत्राटातल्या सर्वांत महत्त्वाच्या ओळी त्याच.

आणि दंड. किती चुका झाल्यावर, किती, वरची मर्यादा काय, आणि प्रत्यक्षात वसूल किती झाला. शेवटचा आकडा कंत्राटात नसतोच. तो खात्याच्या पत्रव्यवहारात असतो. म्हणून नुसती कंत्राटाची प्रत मागून भागत नाही. नंतरच्या दुरुस्त्या आणि दंडाच्या नोटिसाही मागाव्या लागतात.

कंपन्यांची व्यापारी गोपनीयता पूर्णपणे खोटी आहे का?

नाही, पूर्णपणे नाही. निविदा उघडण्याआधी एका कंपनीचा दर दुसरीला कळला तर स्पर्धाच संपेल; तोवर बंद पाकीट बंदच हवं. औषधांच्या खरेदीत मिळालेली सवलत किंवा स्वतः तयार केलेली संगणकप्रणाली जपण्यातही अर्थ आहे. पण काम मिळालं, सह्या झाल्या, पैसे सुटू लागले, की दर हे गुपित राहण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

मी काही वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या खरेदी विभागात निविदांचं काम केलं. तिथे चादरींच्या दराच्या फायलीवरही 'गोपनीय'चा शिक्का असायचा. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, शिक्का टेबलावर होता म्हणून. तो काढायला मात्र तीन सह्या लागायच्या. तेव्हापासून कुठलाही 'गोपनीय' शब्द दिसला की तो कोणी, कधी आणि कुठल्या कलमाखाली लिहिला, हे मी आधी विचारते.

केंद्रीय पातळीवर २०१९ नंतर कंपन्यांची बाजू जड झाली आहे. दक्षिण डकोटातल्या 'आर्गस लीडर' या वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुनी कसोटी मोडीत काढली. पूर्वी माहिती उघड झाल्याने स्पर्धेत मोठं नुकसान होईल हे दाखवावं लागे. आता मालक ती माहिती एरवी खासगी ठेवतो आणि सरकारला ती तशीच राहील या भरवशावर दिली, एवढं पुरतं. राज्यांचे कायदे आपापले आहेत, पण हा वारा तिकडेही पोचतो.

कैद्यांच्या वैद्यकीय गोपनीयतेचं काय? ती तर राखायलाच हवी ना?

हवीच. पण ती गोपनीयता कैद्याची आहे, कंपनीची नाही. रुग्णांच्या माहितीचं संरक्षण करणारा 'हिपा' कायदा ओळखू येणाऱ्या माणसाच्या आजाराची माहिती झाकतो. कंत्राटातले दर, पाळ्या, दंड यांत कुठल्याच रुग्णाचं नाव नसतं. शिवाय आरोग्यसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणांना कायदेशीर कामासाठी माहिती देण्याची वाट त्याच नियमांत ठेवलेली आहे. तरीही 'हिपामुळे देता येत नाही' असं उत्तर कंत्राटाच्या मागणीलाही मिळतं. आजारी माणसाची लाज राखण्यासाठी केलेल्या कायद्याची चादर कंपनीने स्वतःच्या हिशेबावर ओढावी, याचा मला मनापासून राग येतो.

लोकप्रतिनिधीला सामान्य नागरिकापेक्षा जास्त हक्क असतो का?

असतो, पण वाटतो तेवढा नाही, आणि गाडी अडते ती इथेच.

केंद्राच्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात एक छोटंसं वाक्य आहे : या कायद्याचा आधार घेऊन काँग्रेसपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपासून, माहिती रोखता येणार नाही. म्हणजे व्यापारी गुपित वगैरे अपवाद नागरिकांसाठी. काँग्रेससाठी ते कारण चालत नाही. पण सरकारी खात्यांनी याचा अर्थ 'काँग्रेस म्हणजे समिती किंवा तिचा अध्यक्ष' असा लावला. एकट्या सदस्याने, विशेषतः विरोधी पक्षातल्या, पत्र लिहिलं तर त्याला नागरिकाच्याच रांगेत उभं करतात. आता सर्वाधिक जागरूक सदस्य बहुधा विरोधी बाकावर असतो आणि समितीचं अध्यक्षपद सत्ताधाऱ्यांकडे. हक्क कायद्यात आहे, पण त्याची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला कुलूप उघडायची घाई नाही.

राज्यांत चित्र वेगवेगळं आहे. साधारणपणे विधिमंडळाच्या समितीला समन्स काढता येतं, खात्याच्या प्रमुखाला शपथेवर बोलावता येतं, अर्थसंकल्पात 'अमुक अहवाल दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही' अशी अट घालता येते. माझ्या मते शेवटचं हत्यार सर्वांत धारदार आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं.

सदस्याला कागद दाखवला तर तो उघडा पडल्यासारखाच नाही का?

खाती ही भीती नेहमी घालतात. पण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९७९ मध्येच एका खटल्यात सांगितलं की काँग्रेसच्या सदस्याला गोपनीय कागद दिल्याने त्याची गोपनीयता संपत नाही; उद्या नागरिकाने मागितला तर खातं आपला अपवाद तेव्हाही सांगू शकतं. बंद दाराआड बैठक घेता येते, वाचनासाठी खोली ठेवता येते, प्रती न देता टिपणं काढू देता येतात. दुसऱ्या बाजूने, सदस्याने सभागृहात काही वाचून दाखवलं तर त्याला विशेषाधिकाराचं कवच असतं. ते असलंच पाहिजे, नाहीतर 'वाचा, पण बोलू नका' अशी देखरेख होईल.

अलाबामात यासाठी खास समिती आहे म्हणतात. तिचा उपयोग होतो का?

थोडा. अलाबामाच्या विधिमंडळाची कंत्राटं तपासणारी कायम समिती आहे. राज्य सरकारची कंत्राटं तिच्यासमोर येतात, सदस्य प्रश्न विचारतात आणि पटलं नाही तर समिती कंत्राट ४५ दिवस थांबवू शकते. रद्द करू शकत नाही. पंचेचाळीस दिवस उलटले की खातं पुढे जायला मोकळं.

२०२३ मध्ये अलाबामाने 'येसकेअर' या कंपनीला तुरुंगांच्या आरोग्यसेवेचं सुमारे साडेचार वर्षांचं, १०० कोटी डॉलरपेक्षा मोठं काम दिलं. त्याआधी २०१७ मध्ये याच राज्याच्या तुरुंगांतली मानसिक आरोग्यसेवा भयंकर अपुरी असल्याचा निकाल केंद्रीय न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी दिला होता. असा इतिहास असताना शंभर कोटींच्या कंत्राटावर फक्त दीड महिन्याचा थांबा, हे मला फार तोकडं वाटतं. तरी जिथे तेवढाही थांबा नाही तिथल्यापेक्षा बरं, कारण प्रश्न निदान नोंदीवर येतात.

न्यायालयं कोणाच्या बाजूने उभी राहिली आहेत?

दोन निकाल जरूर माहीत असावेत.

न्यू मेक्सिकोत 'कोरायझन' या कंपनीने कैद्यांच्या तक्रारी मिटवताना करार केले आणि त्यांत गोपनीयतेचं कलम घातलं. वृत्तपत्रांनी ते करार मागितले. कंपनीचं म्हणणं, हा दोन खासगी पक्षांतला मामला. तिथल्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ते फेटाळलं : तुम्ही सार्वजनिक काम करत होता, तेव्हा त्या कामातून आलेल्या तडजोडीही सार्वजनिक नोंदी आहेत, आणि आपसात कलम लिहून कायद्यातून सुटता येत नाही.

व्हरमाँटचा निकाल आणखी पुढे जातो. २०१० ते २०१५ या काळात तिथल्या तुरुंगांची आरोग्यसेवा ज्या कंपनीकडे होती, तिच्याकडेच, म्हणजे खात्याकडे नव्हे, एका मानवी हक्क संस्थेने कागद मागितले. कंपनीने नकार दिला. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्याने आपलं पूर्ण सरकारी काम कंपनीच्या हातात दिलं, तर त्या कामापुरती कंपनी ही राज्याचंच अंग ठरते आणि तिच्या कपाटातले कागदही जनतेचे. हे ऐकायला सहा वर्षं लागली. कंत्राट केव्हाच संपलं होतं.

म्हणून मी विधिमंडळाच्या हक्कावर एवढा भर देते. न्यायालयाची वाट आहे, पण ती इतकी लांब आहे की पोचेपर्यंत पुढची दोन कंत्राटं होऊन जातात.

अ‍ॅरिझोनाचं उदाहरण सारखं का दिलं जातं?

कारण तिथे खासगीकरण कायदा करून विधिमंडळानेच सुरू केलं आणि नंतर त्याच विधिमंडळाला आत काय चाललंय ते न्यायालयाच्या कागदांतून कळत राहिलं.

२०१२ च्या जुलैमध्ये पहिली कंपनी आली. काही आठवड्यांतच एका परिचारिकेच्या चुकीमुळे शंभराहून अधिक कैद्यांना हेपटायटिस सी होण्याचा धोका निर्माण झाला. राज्याने कंपनीला दंड केला तो १०,००० डॉलर. २०१३ मध्ये दुसरी कंपनी, २०१९ मध्ये तिसरी, २०२२ मध्ये चौथी. दरम्यान कैद्यांच्या सामूहिक दाव्यात राज्याने २०१४ मध्ये तडजोड करून शंभराहून जास्त निकष पाळायचं कबूल केलं. ते पाळले गेले नाहीत, म्हणून २०१८ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल १४ लाख डॉलरचा दंड बसला. तो राज्यावर. न्यायाधीश रोझलिन सिल्व्हर यांनी २०२१ मध्ये तडजोडच रद्द केली, पूर्ण खटला चालवला आणि २०२२ च्या जूनमध्ये आरोग्यसेवा घटनाबाह्य ठरवली.

दहा वर्षांत कंपन्या बदलल्या, दुखणं तेच राहिलं. रिकाम्या जागांची परतफेड आणि दंडाची सूत्रं दर वर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी समितीच्या टेबलावर उघडी ठेवली असती, तर निदान 'आम्हाला माहीत नव्हतं' असं कोणाला म्हणता आलं नसतं.

कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तर?

तीही शक्यता कंत्राट वाचतानाच बघायची असते. वर आलेली कोरायझन २०२२ मध्ये टेक्सासच्या कायद्याचा उपयोग करून दुभंगली. चालू कामं येसकेअरकडे गेली, देणी आणि दावे 'टीहम' नावाच्या दुसऱ्या कंपनीत राहिले आणि तिने २०२३ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उपचारांअभावी नुकसान झालेले कैदी आणि त्यांची कुटुंबं धनकोंच्या रांगेत जाऊन बसली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वेलपाथ' या आणखी एका मोठ्या कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. मूळ मालकाची हमी, कामाची अनामत, विम्याची रक्कम ही कलमं कंटाळवाणी दिसतात खरी. वाचायची तीच.

सगळ्याच राज्यांत कंपन्या आहेत का?

नाही. टेक्सासमध्ये हे काम मुख्यतः दोन सरकारी विद्यापीठांकडे आहे, काही राज्यं स्वतःचे डॉक्टर नेमतात. त्याने सगळं सुधारतं असं नाही. कॅलिफोर्नियाची सेवा सरकारीच होती आणि तरी २००६ मध्ये ती न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे न्यायालयाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या प्रशासकाकडे, गेली. पण सरकारी यंत्रणेला 'व्यापारी गुपित' म्हणणं सहसा अवघड जातं.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

एक आहे, आणि तो थेट आहे. महाराष्ट्रात कैद्यांची आरोग्यसेवा मुख्यतः सरकारी वैद्यकीय अधिकारी आणि सरकारी रुग्णालयं सांभाळतात, अमेरिकेसारखी कंत्राटं नाहीत. पण विधिमंडळाला जे दाखवता येतं ते जनतेपासून लपवता येतं का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर तुरुंगातल्या उपचारांवरूनच आला होता.

तत्कालीन मंत्री सुरूपसिंग नाईक यांना २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. त्यातला बराच काळ ते जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने माहिती अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तत्त्व मांडलं : वैद्यक परिषदेच्या नियमांतली गोपनीयता माहिती अधिकार कायद्यावर मात करू शकत नाही, आणि संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती सामान्य माणसालाही नाकारता येत नाही. हा आधार कायद्याच्या आठव्या कलमातल्या एका ओळीचा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते पोटकलम बदलताना ती ओळ वगळली. त्या प्रकरणात उघडं करायचं होतं ते रुग्णाचं केसपेपर; तिथे मलाही क्षणभर थांबावंसं वाटतं. कंत्राटातल्या दरांबाबत मात्र थांबायचं कारण नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्या प्रतिनिधीला काय विचारावं?

'तुरुंगात काय चाललंय' असं मोघम विचारू नका. उत्तरही मोघम येतं. राज्याच्या सिनेटर किंवा प्रतिनिधीच्या कार्यालयाला लेखी विचारा : आमच्या राज्याच्या तुरुंग आरोग्यसेवेच्या कंत्राटाची पूर्ण प्रत, सगळ्या दुरुस्त्यांसह, तुम्ही स्वतः पाहिली आहे का? नसेल तर कोणी, कुठल्या कलमाखाली नाकारली? गेल्या वर्षी कुठल्या पदांचे किती तास रिकामे गेले, त्यापोटी कंपनीने किती पैसे परत केले? दंड किती लावला आणि किती माफ केला? विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाने शेवटची तपासणी कधी केली? लेखापरीक्षकाला अनेक राज्यांत गोपनीय नोंदीही पाहता येतात, फक्त त्या गोपनीय ठेवण्याचं बंधन त्याच्यावरही येतं. म्हणून सदस्याची वाट बंद झाली तर ही दुसरी वाट सुचवा.

नागरिकत्व नसलं तरी हे पत्र लिहिता येतं. तुम्ही त्या मतदारसंघात राहता आणि तिथे कर भरता, तेवढं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा. अर्थसंकल्पाची चर्चा बहुतेक राज्यांत वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत असते, तेव्हा पत्र त्याआधी, डिसेंबरात पोचेल असं बघा.